नीट वागणारी मुलगी

आमच्या मराठी मंडळाच्या फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. माझा फॉर्म सूनबाईने भरला आणि तिथे ‘निवृत्त’ असं लिहून मोकळी झाली. मी म्हटलं, “अगं, परवाच तर कामाला जाऊन आले.” ती म्हणाली, “आई, पण त्या कामाला नाव काय लिहू?” ते काही मलाही सांगता आलं नाही. दिवाळी अंकासाठी मंडळाने कामाच्या आठवणी मागवल्या आहेत, म्हणून नातवाची अर्धी कोरी वही घेऊन बसले आहे. अंकाला द्यायचं की नाही ते मागाहून बघू. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. वहीपुढे तसं होत नाही.

काम असं आहे. इथली, म्हणजे अमेरिकेतली, काही माणसं भारतातल्या बालगृहातून मुलं दत्तक आणतात. तान्ही नव्हे, मोठी. आठ, दहा, बारा वर्षांची. भावंडं असतील तर दोघं-तिघं एकदम, कारण त्यांची ताटातूट करायची नसते. तिकडे अशा मोठ्या मुलांना सहसा कुणी घरी नेत नाही. सगळ्यांना पाळण्यातलं बाळ हवं असतं. ही मुलं विमानातून उतरतात तेव्हा त्यांना फक्त मराठी येत असतं, आणि घरच्यांना तेवढं सोडून सगळं. मग पहिले काही महिने मी त्या घरी जाते, मुलांच्या जिभेला ओळखीचं काहीतरी रांधते आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगते. एरवी या सवयीला लोक नावं ठेवतात. इथे मला त्यासाठी गाडी पाठवून नेतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सांगलीकडच्या एका बालगृहात एकोणीस वर्षं मी स्वयंपाकघर सांभाळलं. मुलगा शिकला, इकडे आला, मग मलाही घेऊन आला. इथे बॉथेलमध्ये, मुलाच्या घरी, रिकामं बसून करमत नव्हतं. एकदा मंडळात कुणीतरी म्हणालं, “जर्सी सिटीतल्या माझ्या मैत्रिणीने दोन बहिणी दत्तक आणल्यात, पोरी काही खातच नाहीत, तुम्ही फोनवर बोलाल का?” तिथून हे सुरू झालं.

ती जर्सी सिटीची बाई विसाव्या मजल्यावर राहायची. मुलींना आणून पंधरा दिवस झाले होते. डॉक्टर झाला, रक्त तपासून झालं, पुस्तकं वाचून झाली. मी म्हटलं, वरण दाखवा. तिने फोन पातेल्यावर धरला. घट्ट वरण, वर साजूक तूप, जिरं, टोमॅटो, कोथिंबीर. लग्नाच्या पंगतीत वाढावं असं.

“यात पाणी घाला.”

“किती घालू, मावशी?”

“लाज वाटेपर्यंत.”

साठ मुलांच्या वरणाला तळ दिसतो. मुली तेच शोधत होत्या. दोघी तीन-तीन वाट्या प्यायल्या, आणि ती बाई अजून मला डॉक्टरपेक्षा मोठी समजते. मी कधी तिचा गैरसमज दूर केला नाही.

पण हे सगळं मी लिहायला घेतलं ते कविता नावाच्या एका मुलीसाठी.

अनिता आणि डेव्हिड इथले, बॉथेलचेच. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. अनिताचे आईवडील पुण्याचे, पण ती जन्मली, वाढली अमेरिकेत. तिला स्वयंपाकघरापुरतं मराठी येतं, तेही आईने रागावताना वापरलेलं. डेव्हिड उंच, लाल दाढीचा, स्वभावाने गाय. दोघांनी लातूरकडच्या बालगृहातून कविता आणि गणेश अशी भावंडं आणली. ती बारा वर्षांची, तो आठचा.

तयारी अशी की विचारू नका. घरात जिकडे तिकडे चिकटवलेली चित्रं. फ्रिजवर फ्रिजचं चित्र. नळावर नळाचं चित्र. संडासाच्या दारावर हसऱ्या संडासाचं चित्र. डेव्हिड फोनवरून मराठी शिकला होता. त्याने पहिल्याच सकाळी गणेशपुढे गुडघे टेकून विचारलं, “आपण भोजन ग्रहण करणार का?” गणेश माझ्यामागे लपला. मला म्हणाला, “मावशी, हे पुजारी आहेत का?”

आणि अनिताचं मराठी मला मुलांना मराठीत सांगावं लागायचं. पहिल्या दिवशी तिने दोघांना सोफ्यावर बसवलं, त्यांचे हात हातात घेतले आणि मला म्हणाली, “मावशी, सांगा ना त्यांना. हे त्यांचं घर आहे. फॉरेव्हर. तो वर्ड इम्पॉर्टंट आहे. फॉरेव्हर.”

तो शब्द मला माहीत होता. राखी पाठवताना पोस्टाच्या तिकिटावर तो लिहिलेला असतो. मुलाने मला सांगितलं होतं, म्हणजे भाव वाढला तरी हे तिकीट कायम चालतं.

मी मुलांना म्हटलं, “हे म्हणतात, आता इथे राहायचं. छान राहायचं.”

अनिताला वाटलं मी सांगितलं. तिने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात गणेशने न्हाणीघरातले सगळे नळ एकदम सोडून बघितले. गरम पाणी भिंतीतून येतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मी धावत जाऊन बंद केले आणि म्हटलं, “नीट वाग हं, नाहीतर परत पाठवतील.” हे बोलायला मला विचार करावा लागला नाही. आमच्या बालगृहात हे वाक्य आम्ही सगळ्याजणी दिवसातून दहा वेळा बोलायचो, हळू चाल म्हणावं तसं. कविता टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिने भावाला हाताला धरून बाहेर नेलं.

त्या दिवसापासून कविता म्हणजे गुणांची पुतळी. पहाटे उठायची, पांघरुणाची घडी करायची, भावाची करायची, मग डेव्हिड-अनिता उठायची वाट बघायची, त्यांचीही करायला. ताटं विसळायची. एकदा तिने बैठकीतला सगळा गालिचा ओल्या फडक्याने पुसून काढला. तो वाळायला तीन दिवस आणि दोन पंखे लागले. डेव्हिड त्या गालिच्यावरून चप्पक चप्पक चालत “थँक्यू, थँक्यू” म्हणत होता. ‘मम्मी’, ‘पप्पा’ तर ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. अनिताला केवढं कौतुक! मी गप्प बसले. बालगृहातली मुलं दाराशी आलेल्या कुणालाही मम्मी म्हणतात. तसं शिकवतातच.

मला मात्र तिचा अभिमान वाटायचा. आमच्याकडची मुलं अशी असतात, बघा म्हणावं.

दीड महिन्याने गणेशचा वाढदिवस आला. अनिताने केक आणला, फुगे लावले, शेजारची सात-आठ मुलं बोलावली. बेल वाजली तशी कविता उठली. तिने गणेशला केसांवरून पाण्याचा हात फिरवला, त्याला उंचीप्रमाणे आपल्या बाजूला उभं केलं, आणि दोघांनी हात जोडून पाहुण्यांसमोर प्रार्थना म्हटली. मग स्वागतगीत. दोन्ही कडवी. शेजारच्या आया मोबाइल काढून चित्रं घ्यायला लागल्या. गाणं संपल्यावर गणेश शेजारच्या एका मोठ्या मुलापुढे गेला आणि म्हणाला, “हॅपी बर्थडे, दादा.”

बालगृहात वाढदिवस असतो तो बाहेरच्या मुलांचा. पैसेवाल्या घरचे लोक आपल्या मुलाला घेऊन येतात, केक कापतात, सगळ्यांना जेवण देतात. आमची मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणतात, मग बसून श्रीखंड खातात. मीच ते गाणं कितीतरी पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. गणेशने उभ्या आयुष्यात पन्नासएक वाढदिवस साजरे केले असतील, त्यात त्याचा एकही नव्हता.

“अरे, तुझा आहे वाढदिवस,” मी म्हटलं.

“माझा? मग गाणं कोण म्हणणार?”

डेव्हिडला हे सांगितलं, तर त्याने सगळ्या शेजाऱ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि गणेशसाठी गायला लावलं. स्वतः सगळ्यात शेवटी उभा राहिला, हात जोडून. गणेश इतका हसला की त्याला उचकी लागली. कविता हसली नाही. ती प्लेटा गोळा करत होती.

आता लिंडाबद्दल सांगते. दत्तक मुलं आणली की तीन-तीन महिन्यांनी एक बाई घरी येते, सगळं बघते आणि अहवाल लिहून पाठवते. ती लिंडा. साठीची, हातात फाइल, कॉफीत साखर तीन चमचे. ती मुलांना प्रश्न विचारायची, मी मराठीत सांगायचे. पहिल्या भेटीत कविता ताठ बसून म्हणाली, “सगळं छान आहे. जेवण वेळेवर मिळतं. सगळे प्रेमाने वागतात.” दुसऱ्या भेटीतही तेच, त्याच क्रमाने. लिंडाने खूश होऊन लिहून घेतलं आणि मला म्हणाली, तुमच्यामुळे मुलं छान रुळली. मी घरी येऊन सुनेला ते दोनदा सांगितलं.

अनिता तेवढी खूश नव्हती. पोळ्या करताना माझ्याजवळ येऊन म्हणायची, “मावशी, आय डोन्ट गेट इट. ती मला काहीच मागत नाही. एकदा पण नो म्हणत नाही. शी इज ट्वेल्व! मी ट्वेल्व होते तेव्हा माझ्या आईशी किती भांडायचे, तुम्ही विचारा तिला.”

“बरं आहे की मग. नशीब समज.”

“नशीब? ती गेस्टसारखी राहते यार.”

मी मनात म्हणायचे, या अमेरिकन बायकांना काय म्हणावं! पोर नीट वागते तर त्याचीही तक्रार.

लिंडाची तिसरी भेट होती त्या सकाळी मी लवकर गेले. लाडू करायचे होते. दार उघडंच होतं. जिन्यावर भावंडं बसली होती आणि मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. कविता त्याची उजळणी घेत होती. जेवण कसं मिळतं? वेळेवर. शाळा कशी आहे? छान. कुणी मारतं का? नाही. गणेशने आता थोडं इंग्रजी उचललं होतं. तिने त्याच्याकडून ते इंग्रजीतही म्हणवून घेतलं. मग तिचा आवाज खाली आला.

“आणि मला परत पाठवलं तर रडायचं नाही.”

“तुला का?”

“मी मोठी आहे. तू लहान आहेस, तुला ठेवतील. फक्त तू नीट वाग. बालगृहाचा फोन नंबर पाठ आहे ना? म्हण बघू.”

गणेशने नंबर म्हटला. एक आकडा चुकला. तिने परत म्हणायला लावला.

माझ्या हातात बेसनाची पिशवी होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी म्हटलं, “कविता, हे तुला कुणी सांगितलं?”

ती दचकून उभी राहिली. मग तिने अगदी साध्या आवाजात, मला दोष न देता सांगितलं, “मावशी, तुम्हीच तर म्हणालात. नळ सोडले होते तेव्हा. आणि बाई तीन-तीन महिन्यांनी बघायला येतातच की.”

नऊ महिने. नऊ महिने ती पोर परीक्षेला बसल्यासारखी राहिली होती, आणि मी तिला शाबासकी देत होते.

मी अनिताकडे गेले. ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. मला कुणाच्या मध्ये बोलायचं झालं तरी घाम फुटतो. पण मी जाऊन उभी राहिले आणि तिने माझा चेहरा बघून लॅपटॉप मिटला. मी सगळं सांगितलं. नळाचं, परत पाठवतीलचं, जिन्यावरचं.

तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “पण मावशी, मी फर्स्ट डेला सांगितलं होतं ना? फॉरेव्हर?”

“मी ते सांगितलंच नाही.”

“व्हॉट?”

“तो शब्द मी गाळला.”

“का?”

का ते सांगणं अवघड होतं. आमच्या बालगृहातून एकदा सात वर्षांचा एक मुलगा एका घरी दिला होता. जाताना मीच त्याला म्हटलं होतं, आता कायमचं घर मिळालं रे तुला. दोन महिन्यांनी ते लोक त्याला परत सोडून गेले. अंगावर नवे कपडे, पायात नवे बूट. तो आत आला आणि सरळ माझ्याकडे येऊन म्हणाला, “मावशी, तुम्ही तर कायमचं म्हणाला होता.” तेव्हापासून कुठल्याही मुलाला मी तो शब्द बोलले नाही. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायकांनाही बोलू दिला नाही.

“आणि खरं सांगू?” मी अनिताला म्हटलं, “मलाच खरं वाटलं नव्हतं. मला वाटलं लिंडा बघते, आणि नाही जमलं तर...”

अनिता उठली. मला वाटलं आता ही मला घरी जायला सांगणार, आणि सांगावंच. तिने कपाटातून एक जाड फाइल आणली. कोर्टाचा कागद, मुलांचे अमेरिकेचे पासपोर्ट. म्हणाली, “मावशी, हे इंडियातच फायनल झालं. ती माझी मुलं आहेत. जशी मी आईची आहे, तशी. कोणी परत नाही पाठवू शकत. लिंडा पण नाही.”

“मग ती कशाला येते?”

“आम्ही नीट वागतो का ते बघायला!”

मला एकदम हसू आलं, आणि रडूही. अनिताचंही तसंच झालं. नऊ महिने आम्ही सगळे ज्या परीक्षेची तयारी करत होतो, तिला बसलेले भलतेच होते.

“आता तूच सांग तिला,” मी म्हटलं. “माझ्या तोंडून नको. माझं तिने एकदा ऐकलंय.”

अनिताला मी तो शब्द मराठीत शिकवला. तिने पाच-सहा वेळा घोकला, कविता-गणेशला हाक मारली, त्यांना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि समोर जमिनीवर बसून म्हणाली, “कायमचं. हे घर. तू पण. दोघं पण. कायमचं.” बाकीचं मी सांगितलं, की नळाच्या वेळी मी बोलले ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं, माझं चुकलं. आणि ती फाइलवाली बाई तुमची परीक्षा घ्यायला येत नाही, मम्मी-पप्पांची घ्यायला येते.

गणेशचे डोळे चमकले. “आणि ते नापास झाले तर?”

“तर त्यांना जास्त अभ्यास देतील. तू इथेच.”

आवाज ऐकून डेव्हिडही तिथे आला होता, गणेशने त्याच्याकडे काळजीने बघितलं. पप्पांच्या अभ्यासाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं.

कविता म्हणाली, “बरं.” आणि टॉवेलांच्या घड्या करायला निघून गेली. त्या दिवशी लिंडा आली तेव्हा तिने तीच तीन वाक्यं सांगितली. एकदा सांगून मोठ्या मुलांना खरं वाटत नाही. लहान असती तर गळ्यात पडली असती. मोठी मुलं ऐकून घेतात आणि बाजूला ठेवून देतात, पारखायला.

तीन आठवड्यांनी मी घरी भाजी निवडत होते. अनिताचा फोन. धापा टाकत होती.

“मावशी! तिने दुधीची भाजी बघितली आणि म्हणाली, ‘मला नको!’”

“मग?”

“मग काय? मी पिझ्झा मागवला!”

“अगं, लाडावेल.”

“लाडावू दे!”

मी फोनवर हसले, आणि मग तिला सांगितलं की एवढ्यावर जाऊ नकोस, दुधी कुणालाच आवडत नाही. पण नंतर हळूहळू बातम्या यायला लागल्या. केस कापून घेतले, न विचारता. पांघरुणाची घडी करायची सोडली. गणेशला मारलं. गणेशने तिला मारलं. दोघांनी मिळून हसऱ्या संडासाला मिशा काढल्या. एकेक बातमी अनिता मला अशी सांगायची जशी दुसऱ्या बायका मुलांचे मार्क सांगतात.

लिंडाच्या चौथ्या भेटीला मी पुन्हा लाडू घेऊन गेले. एव्हाना माझं रोजचं जाणं संपलं होतं. लिंडा, कॉफी, फाइल, सगळं जागेवर. कुणी रांगेत उभं राहिलं नाही. गणेश सोफ्यावर लोळत होता. त्याने पाय खाली न घेता लिंडाला इंग्रजीत विचारलं, “ते पास आहेत का?” लिंडा म्हणाली, “जवळजवळ.” डेव्हिडने खुर्चीत जरा सरळ होऊन बसून घेतलं.

“आणि कविता?”

अनिता ओशाळली. कविता वर, खोलीत. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं होतं आणि अनिता नाही म्हणाली होती. अनिताने जिन्याखालून हाक मारली. वरून दार आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागून मराठीचा लोंढा. कविताला आता बरंच इंग्रजी येतं, पण राग आला की ती लातूरच्या वेगाने बोलते. तो वेग अनिताला झेपत नाही. लिंडाने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

अनिता हळूच म्हणाली, “मावशी, ती काय म्हणाली?”

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. ती खाली येणार नाही. लिंडाला म्हणावं, पुढच्या वेळी आधी फोन करून ये, कविता कामात आहे. मम्मी जगातली सगळ्यात वाईट मम्मी आहे. आणि ती मम्मीशी आता बोलणार नाही.

“कधीपर्यंत?” लिंडाने विचारलं.

“जन्मभर म्हणाली,” मी अनिताला सांगितलं, आणि लिंडाकडे वळून म्हटलं, “फॉरेव्हर.”

लिंडाने फाइलमध्ये काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. अनिताने एका ताटलीत दोन लाडू घेतले, वर नेऊन दाराबाहेर ठेवले आणि खाली आली. मी निघताना वर डोकावून बघितलं. ताटली रिकामी होती आणि दार तसंच घट्ट बंद.